नाव परत करायला होटगीला

सोलापूरला सहलीला म्हणून कुणी जात नाही. चादरी घ्यायला जातात, देवदर्शनाच्या वाटेवर गाडी बदलायला उतरतात, नाहीतर कुणी नात्यातलं गेलं म्हणून जातात. मी तिथे एक नाव परत करायला गेले होते. ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, पण आधीच सांगून ठेवते, यात प्रेक्षणीय स्थळं नाहीत. एक लॉज आहे, एक वस्ती आहे आणि रुळांच्या पलीकडे बाभळीत चारपाच थडगी आहेत.

माझं नाव सुलोचना अँब्रोज हेवर्ड. छापताना चूक झालेली नाही. भुसावळच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत मराठी शिकवलं. मुलं तोंडावर हेवर्डबाई म्हणायची आणि पाठीमागे बिअरबाई, कारण त्या नावाची बिअर मिळते. आम्ही ख्रिस्ती नाही, अँग्लो-इंडियन तर नाहीच. आम्ही सोलापूरकडचे धनगर. देव्हाऱ्यात बिरोबाचा टाक आहे. वडिलांचं नाव मात्र अँब्रोज आणि आडनाव हेवर्ड, आणि हे दोन्ही त्यांना एकदमच मिळालेलं. वडील रेल्वेत होते. नाताळात कॉलनीतले पाद्री आम्हाला हटकून बोलवायचे, आम्ही जायचो, केक खायचो आणि येताना वडील म्हणायचे, "खाल्ल्या केकाला जागायचं, कुणाला काही बोलायचं नाही." माझं लग्न जमवताना लोक पत्रिकेपर्यंत पोचायचेच नाहीत, नावावरच उठायचे. मला त्याचं फारसं वाटलं नाही. वडिलांना वाटायचं.

नावाची गोष्ट त्यांनी आम्हा भावंडांना लहानपणीच सांगितली होती. त्यांच्या आधी त्यांच्या आईची दोन मुलं गेलेली. अशा घरात नंतरच्या मुलाला दगडू, धोंडू, उकिरडा अशी नावं ठेवतात, म्हणजे यमाला वाटावं की ह्यात नेण्यासारखं काही नाही. होटगी जंक्शनला तेव्हा हेवर्ड नावाचा गोरा साहेब होता आणि त्याचं अंगावरचं पोर तापानं गेलं होतं. आजीनं त्या मेलेल्या पोराचं नाव उचललं आणि आपल्या पोरावर घातलं. यम दारात आला तर त्यानं म्हणावं, ह्याला तर आपण नेलेला आहे, आणि माघारी जावं. नुसत्या नावानं तो फसणार नाही म्हणून आडनावासकट घेतलं. शाळेत तेच लागलं, नोकरीत तेच लागलं, मग आम्हाला लागलं.

निवृत्तीनंतर मी त्या नावाच्या मागे लागले. अँब्रोज मूळचं ग्रीक. अर्थ अमर, ज्याला मरण नाही तो. एका संताच्या पुण्याईनं ते इंग्लंडपर्यंत पोचलं. हेवर्ड मात्र अस्सल इंग्रजी. जुन्या इंग्रजीतला कुंपणाचा शब्द आणि राखणदाराचा शब्द जोडून झालेलं. गावच्या उभ्या पिकाभोवती कुंपण राखणारा, मोकाट जनावरं आत शिरली की ती हाकून कोंडवाड्यात नेणारा गावकामगार, तो हेवर्ड. आपल्याकडे पाटील, चौगुले ही आडनावं कामावरून पडली तसंच. आमचं सगळं खानदान मेंढरं घेऊन लोकांच्या शिवारातून फिरलेलं, आणि लोकांनी ती मेंढरं कोंडवाड्यात घातलेली. मी हे वडिलांना सांगितलं तेव्हा ते खूप वेळ हसले. म्हणाले, "म्हणजे आमी चोर आन् नाव पोलिसाचं."

ते हसणं आता जुनं झालं. गेल्या दिवाळीपासून वडील अंथरुणावर होते. वय पंच्याऐंशीच्या पुढे, दुखणं असं एक नाही, सगळंच. जेवण कमी होत होत चमचाभर पेजेवर आलं. डॉक्टर येऊन नाडी बघत आणि औषध न लिहिता चपला घालत. पाठीला जखमा झाल्या होत्या. कूस बदलताना ते आई गं म्हणत, आणि ज्या बाईला जाऊन इतकी वर्षं झाली तिला ही हाक कुठे पोचत असेल असं मला वाटायचं.

एका संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. भुसावळात जन्म काढला तरी त्यांची बोली होटगीचीच राहिली होती, आजारात तर ती पुरती वर आली होती.

"सुले, त्यो येतोय गं रोज. दारात हुबा ऱ्हातो. नाव इचारतो आन् माघारी जातो. ह्या नावाचं पोर नेलंय म्हनतो."

"कोण येतो, बाबा?"

"कोन म्हंजी? लई वरसं फसवला त्येला. आता बास. नाव उसनं हाय माझं. ज्येचं त्येला दिऊन ये, म्हंजी मी सुटन."

रीत त्यांनीच सांगितली. आधीची भावंडं गेलेलं पोर रीतीप्रमाणे दुसऱ्याला सुपात घालून दिलेलं असतं आणि सुपातूनच परत घेतलेलं असतं, तेव्हा फेडायचं तेही सुपानं. कोरं सूप, निवडलेली ज्वारी, आणि थोरल्या लेकरानं, म्हणजे मी, ती स्वतःच्या हातानं साहेबाच्या पोराच्या थडग्यावर ओतायची. एरवी पोराच्या लग्नाआधी हे आईबापच करतात. त्यांचं करायचं राहून गेलं होतं.

यमावर माझा विश्वास नाही. पण ते मरायची परवानगी मागत होते आणि ती आणायला मला पाठवत होते. नाही कशी म्हणू? वहिनीला त्यांच्याजवळ बसवलं आणि निघाले.

सोलापूर

सोलापुरात पहिल्याच पायरीवर ठेच. स्टेशनसमोरच्या लॉजवर माझं आधार कार्ड बघून मॅनेजर म्हणाला, "मॅडम, फॉरेनरला आमच्याकडे परवानगी नाही."

मी नऊवारी नेसत नाही हे खरं, पण साडीत होते, कपाळावर टिकली होती आणि हे सगळं मराठीत चाललं होतं. मी म्हटलं, "मी भुसावळची आहे."

"ते बरोबर आहे, पण नाव फॉरेनचं आहे की."

शेवटी त्याला बिरोबाची शपथ घेऊन सांगितलं तेव्हा खोली मिळाली. खोलीच्या खिडकीतून एका बंद गिरणीची चिमणी दिसत होती. धूर नसलेली चिमणी इतकी उंच कशाला लागते असं वाटत राहतं. आभाळ भरलेलं होतं. माघ संपत आला होता, आभाळ भरायचं काही कारण नव्हतं, पण त्या आठवड्यात तिकडे अवकाळी पाऊस झाला होता आणि अजून होणार होता. सगळ्या शहरावर ओल्या धुळीचा वास.

खाणावळीत जेवले. भाकरीच्या बाबतीत आम्ही खानदेशी लोक गर्विष्ठ असतो. आमची कळण्याची भाकरी जाड, मऊ, उडदाचा खमंगपणा असलेली, आणि सोबत ठेचा. इथे समोर आली ती कडक भाकरी, पापडासारखी, मोडली की आवाज होणारी. महिना महिना टिकते म्हणाले. मेंढरांमागे हिंडणाऱ्या माणसांना असंच काहीतरी लागत असणार. सोबत शेंगदाण्याची लाल चटणी, कांडून तेल सुटलेली, आणि दही. मला ती भाकरी आवडली हे भुसावळात कबूल करणार नाही. वडिलांना हीच भाकरी आठवायची, आई जमवायचा प्रयत्न करायची, जमायची नाही. मी चार पुडे बांधून घेतले आणि मग आठवलं की आता ते चावू शकत नाहीत.

सूप शोधायला बुरुडांच्या गल्लीत गेले. सूप विणणारी बाई घरात तेलुगू बोलत होती आणि माझ्याशी मराठी. आतून यंत्रमागाचा आवाज येत होता, शेजारी टॉवेल विणले जात होते. "बाळाला का देवाला?" तिनं विचारलं. इथे कोरं सूप बहुधा बाळ झाल्यावरच घेतात. मी देवाला म्हटलं.

ज्वारीनं मात्र दमवलं. भुसार बाजारात पोत्यामागून पोती बघितली, सगळी काळपट. कापणीच्या तोंडावर भिजलेली. एक म्हातारा व्यापारी म्हणाला, "औंदाची अशीच हाय बाई. खायाला चालतीया, देवाला न्हाई चालायची. देवाला मागल्या सालची घ्या." त्यानं आतून मागल्या सालची काढून दिली, टपोरी, मोत्यासारखी पांढरी. ती मी लॉजच्या पलंगावर पसरून संध्याकाळभर निवडत बसले. बाहेर पाऊस लागला होता. बापाच्या मरणासाठी ज्वारी निवडते आहे, हे मनात आलं आणि हात थांबले. मग पुन्हा निवडायला लागले.

होटगी

होटगी सोलापूरपासून गाडीनं थोड्याच अंतरावर आहे. जंक्शन म्हणून नाव मोठं, गाडीतून उतरणारी माणसं मोजकी. तिथून वस्तीपर्यंत रिक्षा मिळाली. रिक्षावाला हसन नावाचा, दखनीत बोलणारा. मांडीवरचं सूप आणि त्यातलं ज्वारीचं गाठोडं बघून म्हणाला, "बच्चा हुआ क्या घर में?" मी नाही म्हटल्यावर त्यानं पुढे विचारलं नाही.

दोन्ही बाजूंना काळी रानं. एरवी ह्या दिवसांत इथे ज्वारी डोक्याएवढी उभी असते म्हणे, कणसं डोलत असतात. मी पाहिली ती आडवी झालेली, चिखलात. बांधावर माणसं नुसती उभी होती. कुणी काही करत नव्हतं, करण्यासारखं काही नव्हतंच.

वडिलांची धाकटी बहीण, सुंदराआत्या, वस्तीवर एकटी असते. थोरला मुलगा सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात, धाकटा पुण्यात कुठेतरी वॉचमन. म्हणजे कुंपण राखतोय, खरा हेवर्ड तोच. एकेकाळी दोनशे मेंढरांचा वाडा होता तिथे आता चार शेळ्या. शेजारची बाई कुंपणावरून ओरडली, "ऊटा आयता?" जेवण झालं का, म्हणून कानडीत विचारत होती. आत्यानंही कानडीतच उत्तर दिलं. अक्कलकोटच्या वाटेवर दोन भाषा अशाच एका तोंडात नांदतात.

आत्या मला बघून रडली नाही. सुपाकडे बघितलं आणि तिचा चेहरा बदलला.

"ह्ये कशाला आनलंस?"

मी सांगितलं. बाबांनी पाठवलंय, नाव परत करायचंय, त्यांचा जीव सुटत नाही. ती ऐकत उभी राहिली. मग माझ्या हातातलं सूप काढून घेतलं आणि उतरंडीच्या मागे, मला हात पोचणार नाही असं ठेवून दिलं.

"आदी जेव," म्हणाली.

वांग्याची भाजी आणि गरम भाकरी वाढली. स्वतः जेवली नाही. माझं जेवण होईपर्यंत चुलीतल्या निखाऱ्याला फुंकर घालत बसली. मग म्हणाली, "दादाला मायनं जे सांगितलं, त्ये अर्दं सांगितलं."

पुढचं तिच्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करते.

"दोन पोरं गेल्ती मायची. तिसरं झालं त्यो दादा. आमच्यात असलं पोर लेकुरवाळीला इकत्यात. इकत्यात म्हंजी नावाला. सुपात घालून तिच्या उंबऱ्यावर ठिवायचं, तिनं उचलायचं, मूठभर जवारी सुपात टाकायची आन् म्हनायचं, ह्ये आता माझं, पन संबाळ तू. की लगीच परत. माझ्या आज्जीनं इचार केला, मडमेला दिऊ. गोरी हाय, तिच्या दाराशी मरन येत न्हाय. तिचं गुबगुबीत पोर चाकाच्या गाडीत बगिटलं व्हतं की सगळ्यांनी."

"पण ते पोर तर गेलं होतं."

"आमच्या मानसास्नी कुटं ठावं? मेंढरं घिऊन भीमेकाठी गेल्ती समदी. तितंच दादा झाला. परत आली त्या सकाळीच आज्जीनं सूप उचललं आन् मडमेच्या उंबऱ्यावर ठिवलं. तिचं पोर आठ दिसामागं मातीत गेल्तं. दार उगडून बगती तर सुपात पोर."

आत्यानं निखारा पुढे सारला. बाहेर शेळी ओरडत होती.

"तिला काय ठावं आमची रीत? तिला वाटलं देवानं धाडलं. तिनं पोर उचललं आन् दार लावून घितलं. जवारी न्हाय का काय न्हाय. माय फाटकाशी हुबी. दुपार झाली, सांज झाली. मायची छाती भरून पातळ भिजलं. आज्जी म्हनती, थांब, दील ती. दुसऱ्या दिशी बी न्हाय. आतनं पोराचा आवाज येतोय आन् मग गप हुतोय. का गप हुतोय त्ये मायला कळलं. तिला बी दूध व्हतं की."

हे ऐकून मी हातातला तांब्या खाली ठेवला. माझ्या वडिलांना त्या बाईनं अंगावर पाजलं होतं.

"तिसऱ्या सकाळी साहेबाचा बटलर भाईर आला. मराटी यायची त्येला. मायनं त्येचं पाय धरलं, रीत सांगितली. त्यो आत गेला. लई येळ कोन आलं न्हाय. मग मडम सोता आली. दादाच्या अंगात तिच्या पोराचं झबलं. डोळं सुजल्यालं. मायच्या हातात पोर दिलं. मूठभर न्हाय, सूपभर जवारी दिली, आन् बटलरला सांगितलं, हिला म्हनावं नाव मी ठिवलंय त्ये बदलू नगा. पुरं ठिवा, आमचं आडनावबी ठिवा. येवडंच मागती. आन् पाठ फिरवून आत गेली. महिन्याभरात बदली हून गेली दोगं."

"मग ही यमाची गोष्ट?"

"ती मायनं रचली. खरं सांगितलं असतं तर मडमेचं दूध प्यालाय, बाटलाय म्हनून भावकीनं वाळीत टाकलं असतं त्येला. कोन पोरगी दिती? बाप्यांस्नी कुनालाच न्हाय सांगितलं. मला मरताना सांगितलं, आन् म्हनली कुनाला बोलू नगंस."

मी विचारलं, बाबांना तरी आता सांगायला नको होतं का. आत्या म्हणाली, "फोनवर सांगायची गोष्ट हाय व्हय ही?" मग उतरंडीकडे हात करून म्हणाली, "नाव उसनं न्हवतं, सुलू. त्या नावावर पोर सोडलंय तिनं. जवारी परत करायची म्हंजी पोर नगं म्हनल्यागत की. आन् दूध प्यालाय त्यो. त्या दगडाखालचा दादाचा दूधभाऊ हाय. भावाचं नाव कुनी परत करतं का?"

मी त्या तीन दिवसांतल्या दोन बायकांचा विचार करत होते. एक दाराच्या आत, एक बाहेर, दोघींना दूध आणि पोर एकच. आणि कुणाचीच चूक नाही. आजीनं रीत पाळली होती आणि मडमेनं सुपातलं पोर उचललं होतं. मला फार रडू आलं. आत्यानं रडू दिलं.

सकाळी जाग आली ती जात्याच्या घरघरीनं. आत्या माझी निवडलेली ज्वारी दळत होती. सोलापूरची मागल्या सालची पांढरी ज्वारी. मी म्हटलं, "हे काय?"

"भावाला धान्य न्हाय देत. भाकरी देत्यात."

रुळांच्या पलीकडे

आत्याच्या हातात शेळीच्या दुधाची चरवी, माझ्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी, आणि आभाळ पुन्हा तसंच. रूळ ओलांडताना माझा पाय खडीवरून घसरला, घोटा मुरगळला आणि पुढचं सगळं मी लंगडत पाहिलं. आत्या माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी, पण मागे वळून म्हणाली, "शिकल्याली मानसं चालाया लई कच्ची."

इंग्रजांच्या वेळचं ते लहानसं दफनस्थान. चारपाच दगड, त्यांतले दोन आडवे, वरून खडी ओघळून आलेली. सगळ्या बाभळींवर करडी धूळ, पावसानं तिचे ओघळ झालेले. पोराचा दगड सगळ्यांत लहान, एका अंगाला कललेला. मी पदरानं पुसला. अँब्रोज हेवर्ड. माझ्या पेन्शनच्या पासबुकावर, माझ्या मार्कशीटवर, वडिलांच्या रेल्वेच्या ओळखपत्रावर असलेलं नाव एका दगडावर बघून अंगावर काटा आला. त्याखाली इंग्रजीत एवढंच की हा आमचा लहानगा, आणि दोन तारखा. दुसरीत आणि पहिलीत नऊ महिन्यांचं अंतर.

अमर म्हणून नाव ठेवलं होतं त्याचं. कुंपण राखणाऱ्यांचं आडनाव, आणि थडग्याला कुंपण नव्हतं. एक शेळी दगडांमधून चरत फिरत होती. मी तिला हाकलायला गेले तर आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तेवडीच सोबत."

ती खाली बसली. पितळी ताटलीत भाकरी बारीक कुस्करली, तिच्यावर दूध ओतलं, बोटांनी मऊ केली. तान्ह्याला पहिला घास देताना करतात तितकी मऊ. एक घास दगडापाशी ठेवला.

"जेव रं बाळा. तुजा भाऊ लई थकलाय. त्येला आता न्यायला ये तूच. दुसरा कोन तिकडं वळकीचा हाय त्येला?"

एवढं बोलून ती उठली. आम्ही चार पावलं गेलो नाही तोच एक कुत्रं आलं आणि घास खाऊन गेलं. आत्याला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं.

सूप मी तिथेच तिच्याकडे ठेवून आले. नातीला बाळ होणार आहे, तिला लागेल म्हणाली.

भुसावळ

घरी आले तेव्हा वडील डोळे मिटून पडले होते. वहिनीनं खुणेनं सांगितलं, दोन दिवस पाण्याशिवाय काही नाही. मी त्यांच्या उशाशी बसले. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "दिलं?"

"नाही दिलं, बाबा."

त्यांनी डोळे उघडले. त्या डोळ्यांत इतकी निराशा होती की मी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं, जसं आत्यानं सांगितलं तसं. भीमेकाठ, सूप, बंद दार, फाटकाशी उभी आजी, झबलं, सूपभर ज्वारी. दूध पाजल्याचं सांगताना अडखळले. जन्मभर बिरोबाला भंडारा वाहिलेला माणूस, त्याला कसं लागेल कळेना. पण तेही सांगितलं, आणि दगडापाशी दूधभावाला ठेवलेला घासही.

ते मग म्हणाले, "दोन आया रडत व्हत्या म्हन की माझ्यासाटी."

"हो."

"मला कोन सांगितलंच न्हाय." त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात गेलं, मी पुसलं. "म्हंजी नाव माझंच हाय."

"तुमचंच आहे."

"मंग सापडन आता मी त्येला," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "भूक लागलीया."

आत्यानं सोबत दिलेल्या भाकरीतली चतकोर मी दुधात कुस्करली, तिनं केली होती तशीच मऊ. चमचा त्यांच्या ओठाशी नेला तर त्यांनी तोंड फिरवलं. मला वाटलं भूक गेली. तसं नव्हतं.

"आदी त्येचा काढ," म्हणाले.

मी एक घास वाटीत काढून खिडकीत ठेवला. मग त्यांनी दोन चमचे खाल्ले. त्यानंतर जितके दिवस ते होते तितके दिवस, काही खावो न खावो, आधी तो घास काढायला लावायचे आणि मी तो काढला की नाही हे मान वळवून बघायचे. एका दुपारी झोपेतच गेले. कण्हले नाहीत.

स्मशानात नोंद करणाऱ्यानं नाव वाचून आम्हाला थांबवलं. ख्रिश्चन दिसतायत, इथे कसे आणले, म्हणाला. भाऊ वाद घालायला पुढे झाला. मी त्याला मागे ओढलं आणि सांगितलं, "नाव त्यांच्या भावाचं आहे. माणूस आमचा." त्याला काही कळलं नाही, पण त्यानं लिहून घेतलं. अँब्रोज हेवर्ड होटगीला नऊ महिन्यांचा असताना गेला होता. भुसावळच्या कागदावर तो पुन्हा गेला, ह्या वेळी म्हातारा होऊन.

घरात आता मी एकटीच जेवायला बसते. भाऊ-वहिनी त्यांच्या घरी गेली. ताट वाढलं की सवयीनं हात आधी वाटीकडे जातो. आता मी दोन घास काढते.